दुचाकीचे टायर : चालकाच्या हातून दुकानाकडे
जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये सायकलसाठी हवेचा टायर बनवला. तो रिमला चिकटवलेला असल्याने पंक्चर काढणे जिकिरीचे होते. १८९१ मध्ये मिशेलिन बंधूंनी सहज निघणारा टायर आणला आणि हे काम चालकाच्या आवाक्यात आले. भारतात बजाज चेतकसारख्या स्कूटरला स्टेपनी असे. पान्याने नट सोडवून चाक रस्त्यातच बदलता येई आणि दोन भागांच्या रिममुळे टायरही घरी उतरवता येई. मोटारसायकलला स्टेपनी नसल्याने टायर लिव्हर, ठिगळ, सोल्युशन आणि पंप लागत. ट्यूबलेस टायरचे पंक्चर चाक न काढताही निघते. मात्र त्याची घट्ट कड रिमवर बसवायला यंत्र सोयीचे ठरल्याने टायर बदलण्याचे काम बहुतांशी दुकानाकडे गेले.