पडका महाल आणि रिकामी थैली

भुताच्या गोष्टीला पडका वाडा लागतो, ही आपली लहानपणापासूनची समजूत. गोष्ट सांगणारी आजी तो वाडा शब्दांनीं उभा करते. तिला दमडीचा खर्च येत नाहीं. चित्रपट काढणाराला मात्र तो डोळ्यांना दिसेल असा उभा करावा लागतो, आणि तेथेंच त्याची थैली रिकामी होते. पण वाडा आधीं सांपडला आणि गोष्ट मागून सुचली तर? 1962 सालीं अमेरिकेंत निघालेल्या ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ ह्या चित्रपटाचा इतिहास ह्या प्रश्नाचें उत्तर म्हणून वाचण्यासारखा आहे.

त्याचा दिग्दर्शक हर्क हार्वी हा कॅन्सस संस्थानांतील लॉरेन्स येथें, सेंट्रॉन नांवाच्या कंपनींत, शाळांसाठीं व कारखान्यांसाठीं बोधपट काढीत असे. एकदां कॅलिफोर्नियाहून मोटारीनें परततांना, युटा संस्थानांतील खाऱ्या सरोवराच्या कांठीं, सूर्यास्ताच्या वेळीं त्याला सॉल्टेअरचे घुमट दिसले. 1893 मध्यें बांधलेलें व 1925 मध्यें जळाल्यावर पुन्हां उभारलेलें हें विहारस्थान एके काळीं नाचगाण्यानें गजबजलेलें असे. 1958 मध्यें तें बंद पडलें होतें. हार्वीनें घरीं येऊन आपला सहकारी जॉन क्लिफर्ड याला कथा लिहावयास सांगितलें. अट एकच: शेवटीं त्या नाचघरांत मेलेलीं माणसें नाचलीं पाहिजेत. बाकी सर्व लेखकाच्या मर्जीवर.

क्लिफर्डनें मेरी हेन्री नांवाची एक ऑर्गनवादिका कल्पिली. तिची मोटार पुलावरून नदींत कोसळते; ती एकटीच वर येते, युटांत नोकरी धरते, आणि एक पांढराफटक चेहरा तिचा पाठलाग करूं लागतो.

भांडवल सुमारें 33,000 डॉलर, चित्रणास अवधि तीन आठवडे. पुलाचा प्रसंग लकॉम्प्टन येथें घेतला. मोडलेले कठडे पुन्हां बसवून द्यावे एवढीच तेथील मागणी होती, आणि त्याला 38 डॉलर लागले. भुताची भूमिका हार्वीनें स्वतःच केली. मोटारीच्या खिडकींत तो चेहरा दाखविण्यासाठीं महागड्या युक्त्यांऐवजीं तिरपा आरसा लावला. धांवत्या मोटारींतील दृश्यें वार्तापटांच्या छायाचित्रकारांप्रमाणें हातांत धरावयाच्या कॅमेऱ्यानें खऱ्या रस्त्यावरच टिपलीं.

ह्या काटकसरीचा परिणाम केवळ हिशेबाच्या वहींत राहिला नाहीं. बोधपटाची साधी, कोरडी नजर भुताच्या कथेला लाभल्यामुळें दुकान, रस्ता, भाड्याची खोली हीं सर्व नित्याचींच दिसतात, आणि त्यांतच मेरी परकी ठरते. एका दुकानांत अकस्मात् सर्व आवाज थांबतात, तिचें बोलणें कोणाला ऐकूं येत नाहीं. नीरवतेला पैसा पडत नाहीं. परंतु तेवढी भीति भारी देखाव्यांनींही क्वचितच उत्पन्न होते. शेवटीं कळतें कीं, मेरी नदींतच मेली होती. जिवंतांना न दिसणारी स्त्री आणि जिवंतांनीं टाकून दिलेलें नाचघर यांचें नातें तेव्हां ध्यानांत येतें. स्थळानें कथेला नुसता आश्रय दिला नाहीं. तिचा अर्थच दिला.

तथापि दारिद्र्याचे पोवाडे गाण्याचें कारण नाहीं. त्याच दारिद्र्यानें हार्वीचें नुकसानही केलें. वितरक कंपनी बुडाली. प्रतींवर स्वामित्वाची सूचना नसल्यामुळें तत्कालीन अमेरिकन कायद्याप्रमाणें चित्रपट सार्वजनिक मालमत्ता झाला. तो दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षें दिसत राहिला, पण त्याच्या कर्त्याच्या पदरीं फारसें कांहीं पडलें नाहीं. 1989 मध्यें तो पुन्हां चित्रगृहांत आला आणि त्याची योग्यता रसिकांना उमगली. परंतु 1996 मध्यें निधन पावलेल्या हार्वीनें दुसरा कथापट कधींच काढला नाहीं. थोड्या पैशांत एक कलाकृति निर्माण होऊं शकते. थोड्या पैशांत एका कलावंताचें आयुष्य मात्र चालत नाहीं.

आणि तो महाल? 1970 मध्यें आगीनें तो नष्ट केला. ज्या इमारतीनें भुतांना थारा दिला, ती आतां स्वतःच त्या कृष्णधवल पट्टींत भुताप्रमाणें राहते. मेरीला बोलावणारे तिचे घुमट आज आपल्यालाही बोलावतात. फरक इतकाच कीं, तेथें जाण्याचा दुसरा मार्ग आतां उरलेला नाहीं.