जुन्या पुस्तकांचा धंदा, साक्षरतेला हातभार : ‘बेटर वर्ल्ड बुक्स’चं गणित काय?

परीक्षा संपली की जुनी पुस्तकं किलोच्या भावाने रद्दीत जातात. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात शिकलेल्या तीन तरुणांनी २००२ मध्ये अशाच पुस्तकांवर ‘बेटर वर्ल्ड बुक्स’ ही कंपनी उभी केली.

माल कुठून येतो?
कॉलेजांतून गोळा केलेली आणि ग्रंथालयांनी काढून टाकलेली पुस्तकं कंपनी ऑनलाइन विकते. विक्रीतला काही वाटा ग्रंथालयांना आणि साक्षरतेचं काम करणाऱ्या संस्थांना जातो. न विकलेली पुस्तकं दान होतात, नाहीतर रिसायकलिंगला जातात.

जमेची बाजू
वाटा मिळतो म्हणून ग्रंथालयं पुस्तकं देतात. म्हणजे समाजकार्य हे धंद्याचं ओझं नाही, तर माल मिळवण्याचा मार्गच आहे.

अडचण कुठे?
पुस्तक स्वस्तात मिळालं तरी वाहतूक, छाननी, गोदाम आणि टपाल यांचा खर्च चुकत नाही. आवृत्ती बदलली की जुनं पुस्तक पडून राहतं. ई-पुस्तकांची स्पर्धा वेगळीच. २०१९ मध्ये कंपनीची मालकी ‘बेटर वर्ल्ड लायब्ररीज’ या ना-नफा संस्थेकडे गेली.

आपल्याकडे काय घेता येईल?
सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. त्यामुळे गावात असं काही सुरू करायचं तर नववी ते बारावी आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांवर भर द्यावा. पुस्तक घेतानाच आवृत्ती तपासावी. आणि कोणाला किती वाटा दिला, याचा हिशेब गावासमोर ठेवावा. विश्वास गेला, की पुस्तकं यायची बंद होतात.