मागच्या चाकांचे दप्तर

‘बग्गी’ म्हटले की मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना घोडा आठवतो. आजच्या पोरांना आठवते ती रिमोटवर मातीत उधळणारी, हातभर लांबीची शर्यतीची गाडी. शब्द तोच राहिला, आणि त्या शब्दामागचा प्रश्नही तोच राहिला: खडबडीत जमिनीवर मागची चाके टेकलेली कशी ठेवायची? रेणापूर परिसरात बसून या प्रश्नाचा माग काढताना मला त्याची तीन उत्तरे दिसली. एक या छोट्या बग्गीत आहे, दुसरे बार्शी लाईट रेल्वेत आणि तिसरे आपल्या बैलगाडीत.

आधी छोटी बग्गी पाहू. दोन चाकांना ताकद देणाऱ्या बग्गीत मोटरचा जोर मागच्या चाकांवर येतो. वेग घेताना गाडीचा भार मागे सरकतो आणि बूड खाली बसते. स्प्रिंग फार मऊ असली तर बूड जास्त बसते, नाक उचलते आणि गाडी वळत नाही. फार कडक असली तर चाके खड्ड्यागणिक उसळतात आणि नुसती गरगरतात. स्प्रिंगची ही उसळी आवरण्यासाठी शॉक ॲब्सॉर्बरमध्ये तेल भरतात. तेल पातळ की घट्ट, हे मैदान पाहून ठरते. मागच्या चाकांची पुढची कड किंचित आत वळवलेली असते. हा कोन साधारण तीन अंशांचा असतो आणि त्यामुळे गाडी सरळ धावते. जुळणी तपासायची रीत साधी आहे. बॅटरीसह गाडी थोडी उचलायची, सोडायची आणि ती जिथे स्थिरावेल तिथे खालचे आर्म जमिनीला समांतर आहेत का ते पाहायचे. नसतील तर शॉकवरचे कडे फिरवायचे आणि डावी-उजवी बाजू सारखी करायची.

या जुळणीला इतिहास आहे. १९७९ मध्ये जपानच्या तामिया कंपनीने ‘रफ रायडर’ ही बग्गी काढली. अमेरिकेच्या वाळवंटात फोक्सवॅगन बीटलच्या सांगाड्यावर बांधलेल्या गाड्या धावत, त्यांची ती छोटी आवृत्ती होती. बीटलप्रमाणेच तिच्या मागच्या आर्मची बिजागरी पुढे आणि चाक मागे होते. १९८४ मध्ये अमेरिकेच्या असोसिएटेड कंपनीची ‘आरसी-१०’ आली. ॲल्युमिनियमचा सांगाडा, आडवे आर्म, वर लांबी बदलता येणारा दुवा आणि तेलभरले शॉक अशी तिची रचना होती. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात डेल मार येथे या वर्गाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. जुळणीचा मोठा वाटा आता कारखान्याकडून चालवणाऱ्याच्या हाती आला होता, आणि त्याबरोबर कागदही आला. कुठले तेल, कुठली स्प्रिंग, किती अंश, हे सारे ‘सेटअप शीट’वर लिहून ठेवायची पद्धत रुजली. माझ्या लेखाचा खरा धागा या कागदाचा आहे.

चाकांवर भार कसा वाटायचा, हा प्रश्न लातूरला आणणारा माणूस म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याच्या बार्शी लाईट रेल्वेचा पहिला टप्पा १८९७ मध्ये बार्शी आणि बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, यांच्या दरम्यान सुरू झाला. रूळ अडीच फुटी, वजनाने यार्डाला अवघे तीस पौंड. अशा रुळांवर जड माल न्यायचा तर काय करायचे? कॅलथ्रॉपने नियम घातला की इंजिन असो वा वाघीण, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. वजन जास्त असेल तर आस वाढवायचे आणि भार सारखा वाटायचा. त्यासाठी त्याने दाबून घडवलेल्या पोलादाच्या बोगी वापरल्या, आणि इंग्लंडमध्ये लीड्सजवळ मुद्दाम रूळ टाकून गाड्यांची चाचणी घेतली. हलका रूळ म्हणजे कमी खर्च. त्या हिशेबामुळेच १९११ मध्ये, निजामाच्या राज्यात असलेल्या लातूरपर्यंत, ही गाडी पोचली. याच कॅलथ्रॉपने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केले. त्याच्या रेल्वेचे आकडे आज मिळतात, कारण ते त्याच वेळी लिहिले आणि छापले गेले.

आता बैलगाडी. तिला स्प्रिंग नाही, म्हणून तिला जुळणीच नाही असा समज आहे. तो खरा नाही. गाडीला एकच आस असल्याने माल पुढे जास्त गेला की बैलांच्या मानेवर ओझे येते, आणि मागे जास्त गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पोती रचताना गाडीवान दांडी उचलून पाहतो, ती हीच परीक्षा. चाकाची धाव ही दुसरी जुळणी. लोखंडी पट्टी चाकाच्या घेरापेक्षा किंचित कमी ठेवायची, तापवून फुलवायची, चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचे. ती आवळली की आरे आणि पुठ्ठे घट्ट बसतात. कमी आवळली तर उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव ढिली पडते. जास्त आवळली तर आऱ्यांवर ताण येतो. ‘किंचित’ म्हणजे किती, हे सुताराच्या आणि लोहाराच्या हाताला ठाऊक असते. लाकूड कोणते, ऋतू कोणता, चाक नवे की जुने, यावर ते ठरते.

हे तिन्ही हिशेब एकाच जातीचे आहेत. फरक आहे तो दप्तराचा. कॅलथ्रॉपचा आसभार पुस्तकांत आहे. हातभर खेळण्याची तेलाची जाडीही कागदावर आहे. ज्या गाडीने पिढ्यान् पिढ्या मराठवाड्याचे धान्य ओढले, तिच्या धावेचे माप मात्र बहुधा बोटांतच राहिले. आपल्या स्थानिक इतिहासात देवस्थाने आहेत, सनदा आहेत, लढाया आहेत. चाक भरणारा माणूस त्यात क्वचितच येतो, कारण आपण कागदालाच पुरावा मानतो आणि त्याने कागद ठेवला नाही.

रबरी टायरची गाडी आणि ट्रॅक्टर आल्यापासून धाव चढवण्याचे काम गावोगाव कमी झाले. ज्यांनी ते केले ते हात म्हातारे झाले आहेत. शर्यतीची मुले भरतात तसा एक तक्ता आपणही भरायला हवा: गाव, लाकूड, चाकाचा घेर, आऱ्यांची संख्या, धावेची लांबी, कोणत्या महिन्यात चढवली. एका वहीचे पान पुरेल. दिवाळीला गावी जाणाऱ्या वाचकांनी घराच्या मागे पडलेल्या जुन्या चाकाला दोरी लावून एवढे मोजले, तरी या इतिहासाचे पहिले दप्तर तयार होईल.