कातळात उरलेले किल्ले

१८१८ च्या एप्रिलमध्ये लेफ्टनंट कर्नल मॅक्डॉवेल यांची फौज अंकाई-टंकाईकडून चांदवडच्या डोंगरांत शिरली, तेव्हा सातमाळा रांगेतील राजधेर आणि पाठोपाठ त्र्यंबक हे दोन्ही किल्ले पंधरवड्याच्या आत इंग्रजांच्या हाती पडले व भोवतालच्या बहुतेक किल्लेदारांनी झुंज न देताच दरवाजे उघडले. नारो शंकर राजेबहादूर यांनी मोसम नदीकाठी बांधलेला मालेगावचा भुईकोट, म्हणजे सपाटीवरचा किल्ला, मात्र अरब शिबंदीने जूनपर्यंत लढवला.

खरा विध्वंस लढाईनंतरचा आहे. प्रत्येक गडावर शिबंदी ठेवणे कंपनी सरकारला परवडणारे नव्हते आणि गड तसेच सोडणे धोक्याचे होते, म्हणून अनेक ठिकाणी दरवाजे व पायऱ्या सुरुंगाने उडवून वाटाच मोडण्यात आल्या. गिरिदुर्गाचे बळ तटापेक्षा वाटेत असते, हे जेत्यांनी अचूक ओळखले होते.

पाडलेल्या किल्ल्यांचे पुढे काय करायचे, याचे वेगळे उत्तर जपानमध्ये दिसते. या मोहिमेच्या अर्धशतकानंतर, १८६८ च्या यादवी युद्धात, तेथील आइझू-वाकामात्सु येथील त्सुरुगा किल्ल्याने सुमारे महिनाभर वेढा सोसला, आणि १८७४ मध्ये नव्या सरकारने त्याच्या इमारती पाडून टाकल्या. तेथील तेनशु, म्हणजे किल्ल्याचा मुख्य मनोरा, १९६५ मध्ये जुन्या दगडी जोत्यावर काँक्रीटमध्ये पुन्हा उभा राहिला. आज त्यात वस्तुसंग्रहालय आहे. ओसाकाचा मनोरा त्याही आधी, १९३१ मध्ये, नागरिकांच्या देणग्यांतून काँक्रीटमध्येच बांधला गेला व त्यात चक्क लिफ्ट आहे. जपानी किल्ल्याची ओळख मनोऱ्याच्या आकृतीत साठवलेली असल्याने आतले लाकूड गेले तरी आकृती परत आणता येते.

नाशिककडील गडांना अशी आकृती नाही. वाडे, सदर, कोठारे ही लाकूडकामाची बांधकामे केव्हाच नष्ट झाली. टिकले ते प्रामुख्याने खोदलेले, म्हणजे पाण्याची टाकी, गुहा आणि पायऱ्या. इंद्राईची चढण कातळ फोडून काढलेली असून वाटेवर शाहजहानच्या काळातील मोगली विजयाचा फारसी शिलालेख आहे. हरिहरची वाट तर उभ्या कड्यालाच कोरलेली आहे: प्रत्येक पायरीच्या दोन्ही कडांना पंजा बसेल एवढी खोबण, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. १८१८ मध्ये हे गड पाहणाऱ्या कॅप्टन ब्रिग्ज यांनी या चढणीच्या भयंकर उभेपणाची मुद्दाम नोंद केली आहे. बागलाणातील साल्हेर किल्ला २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला, आणि तेथेही मोल आहे ते डोंगर व दुर्ग यांच्या सांगडीला.

त्यामुळे येथे पुनर्बांधणीचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी काय बांधायचे हे सांगायला हवे. कल्पनेतला वाडा उभारण्यापेक्षा टाक्यांतील गाळ उपसणे अधिक प्रामाणिक ठरेल. मालेगावच्या भुईकोटात तर शाळा भरते, आणि हाही किल्ला वापरात ठेवण्याचा एक प्रकारच आहे. हरिहरवर पावसाळ्यातल्या रविवारी चढणारे आणि उतरणारे त्याच अरुंद पायऱ्यांवर समोरासमोर येतात, आणि शत्रूला एकेकटे गाठण्यासाठी कोरलेली ती वाट पर्यटकांनाही एकामागे एक थांबवून ठेवते.