गव्हाची तक्रार आणि रक्ताची साक्ष



आज एक चूक कबूल करते. दोन वर्षांपूर्वी माझ्या चार वर्षांच्या नातीचं पोट फुगायला लागलं. हातपाय काड्यांसारखे झाले, वजनाचा काटा हलेना. कुणी जंत म्हणालं, कुणी नजर. गव्हानं असं होतं हे मी कुठेतरी वाचलं होतं. मी सुनेला म्हटलं, "पोळी बंद कर, ज्वारीची भाकरी दे." आठ महिन्यांत पोर खेळायला लागली आणि मी सगळ्यांना माझी हुशारी सांगत सुटले. मग डॉक्टरांनी रक्त तपासलं तर त्यात काहीच सापडेना. ते म्हणाले, "आजी, आधी तपासणी आणि मग पथ्य करायला हवं होतं. आता खात्री करायची तर तिला काही आठवडे पुन्हा गहू द्यावा लागेल." पोर पुन्हा आजारी पडली, ती माझ्यामुळे. म्हणून या सीलिअॅक नावाच्या आजाराचा इतिहास मी मुळापासून वाचून काढला.

१८८८ साली लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी अशा मुलांचं नेमकं वर्णन केलं. बरं करायचंच असेल तर ते आहारानेच होईल, असंही त्यांनी लिहिलं. पण कोणता आहार, हे कुणालाच माहीत नव्हतं. १९२४ मध्ये अमेरिकेत सिडनी हास यांनी केळ्यांचं पथ्य काढलं आणि मुलं सुधारू लागली. श्रेय केळ्यांना मिळालं. खरं तर त्या पथ्यात पाव आणि धान्य बंद होतं, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. जमेची बाजू सगळ्यांनी पाहिली, वजाबाकी कुणी पाहिलीच नाही.

ती वजाबाकी पाहिली हॉलंडच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी. पाव बंद केला की माझं मूल सुधारतं, असं एका आईनंच त्यांना सांगितलं होतं म्हणे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धामुळे, हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. पाव मिळेना. माणसं उपाशी असताना ही मुलं मात्र सुधारली आणि पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. डिके यांनी काळजीपूर्वक नोंदी ठेवून १९५० मध्ये प्रबंध लिहिला. पुढे त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिलं, की दोष गव्हातल्या ग्लुटेनचा आहे.

कारण कळलं, पण कोणत्या मुलाला हा आजार आहे हे ओळखायचं कसं? लहान आतड्याच्या आतलं मखमलीसारखं अस्तर या आजारात झिजून सपाट होतं. ते पाहायला तुकडा काढावा लागे. १९५७ मध्ये एक छोटी कॅप्सूल निघाली. बारीक नळीला बांधलेली ती कॅप्सूल मुलाला गिळायला लावायची आणि आतड्यातला तुकडा तिच्यात अडकवून बाहेर काढायचा. १९६९ मध्ये युरोपातल्या बालरोगतज्ज्ञांनी नियम केला तो तीन तुकड्यांचा: एक गहू खात असताना, एक पथ्यावर आणि एक पुन्हा गहू सुरू केल्यावर. त्या आयांच्या जिवाचं काय झालं असेल, ते मला आता कळतं.

म्हणून रक्तात खूण शोधणं सुरू झालं. आपलं शरीर शत्रूविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. आधी ग्लुटेनमधल्या ग्लायडिनविरुद्धच्या अँटिबॉडी मोजल्या गेल्या, पण त्या निरोगी माणसांतही सापडत. १९८० च्या दशकात एंडोमायसियल अँटिबॉडीची चाचणी आली. ती फार विश्वासाची होती, पण तिच्यासाठी माकडाच्या अन्ननलिकेचे काप लागत. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. पुढे माणसाच्या नाळेचे काप वापरता येतात असं आढळलं. बाळंतपणानंतर टाकून दिली जाणारी नाळ! जीव न घेताही तेच ज्ञान मिळतं, हे वाचून मला बरं वाटलं.

मोठी उलगड १९९७ मध्ये बर्लिनला झाली. डिटरिख, शुप्पान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की या अँटिबॉडी टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाच्या आपल्याच शरीरातल्या एंझाइमवर चाल करतात. म्हणजे गव्हाचं निमित्त आणि भांडण घरातलंच. मग प्रयोगशाळेत आकड्यात मोजता येणारी सोपी चाचणी निघाली. आपल्या रिपोर्टवर 'टीटीजी आयजीए' लिहिलेलं असतं, ती हीच. काही मुलांत आयजीएच कमी असतं आणि मग रिपोर्ट खोटाच चांगला येतो. म्हणून एकूण आयजीएही सोबत मोजतात.

२०१२ मध्ये युरोपच्या तज्ज्ञांनी नियम बदलला. टीटीजी मर्यादेच्या दहापटीहून जास्त असेल आणि लक्षणं व इतर तपासण्याही जुळत असतील, तर मुलाचा तुकडा काढायची गरज नाही. २०२० मध्ये तो आणखी सोपा झाला. टीटीजी दहापट असेल आणि दुसऱ्या नमुन्यात एंडोमायसियल चाचणी पॉझिटिव्ह आली, की पुरे. आकडा कमी असेल तर मात्र तुकडा अजूनही काढावा लागतो.

पण या साऱ्या चाचण्यांची अट एकच: मूल गहू खात असलं पाहिजे. गहू थांबला की अँटिबॉडी हळूहळू उतरतात आणि साक्ष पुसली जाते. ती मीच पुसली होती.

आज नातीचं निदान पक्कं आहे आणि पथ्य जन्मभराचं आहे. ज्वारी, बाजरी, तांदूळ, राजगिरा आपल्या घरात असतातच. हिंगाच्या डबीवर मात्र घटक वाचा. आपण कांदा-लसूण न खाणारी माणसं, आपला हात हिंगाला सैल. आणि बाजारच्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ असतं. खाखरा तर गव्हाचाच.

घरात असं मूल असेल तर पोळी बंद करायची घाई करू नका. आधी डॉक्टर, मग रक्त, मग पथ्य. क्रम चुकला की हिशेब चुकतो, हे कॉमर्स शिकलेल्या आजीनं तरी विसरायला नको होतं.