गुलमर्गला स्कीइंगसाठी जाताय? सुट्टीच्या आधी बर्फाचं वेळापत्रक बघा

जानेवारी २०२४ च्या पहिल्या पंधरवड्यात गुलमर्गच्या उतारांवर बर्फाऐवजी सुकलेलं गवत दिसत होतं. बर्फ पडला तो महिन्याच्या अखेरीस. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, पुरेसा बर्फ नसल्यानं खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा गुलमर्गमधला टप्पाच पुढे ढकलावा लागला आणि तो मार्चमध्ये झाला. नाताळच्या सुट्टीत तिकिटं काढून कुटुंबासह काश्मीर गाठणाऱ्यांनी हे दोन अनुभव ध्यानात ठेवलेले बरे. सहलीचा खर्च मोठा असतो आणि बर्फाची हमी कुणीच देऊ शकत नाही.

कधी जावं?

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांना ‘चिल्लई कलान’ म्हणतात. त्यानंतर २० दिवसांचं ‘चिल्लई खुर्द’ आणि १० दिवसांचं ‘चिल्लई बच्चा’ येतं. थंडी सर्वांत कडक असते ती पहिल्या ४० दिवसांत. पण थंडी आहे म्हणजे बर्फ असेलच असं नाही. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ वेळेवर आले तरच बर्फ पडतो. ते लांबले की कोरडी थंडी तेवढी उरते.

नुसता बर्फ बघायचा असेल तर जानेवारी चालतो. स्कीइंग शिकायचं असेल तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर हा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा. तोवर थर साचलेला असतो. मुलांची शाळा आडवी येते हे खरं, पण नाताळात जायचंच असेल तर बर्फ न मिळण्याची तयारी ठेवूनच जावं.

पोहोचायचं कसं?

बेळगाव, गोवा किंवा हैदराबादहून विमानानं जाणाऱ्या बहुतेकांना दिल्ली किंवा मुंबईत विमान बदलावं लागतं. धुकं आणि बर्फामुळे श्रीनगरची उड्डाणं उशिरा होतात, रद्दही होतात. त्यामुळे परतीचं पुढचं विमान त्याच दिवशीचं धरू नये, मध्ये एक दिवस मोकळा सोडावा.

रेल्वेनं जाणाऱ्यांसाठी इंदूरकडून माळवा एक्स्प्रेस, वडोदऱ्यावरून स्वराज एक्स्प्रेस आणि ग्वाल्हेरवरून झेलम एक्स्प्रेस जम्मूच्या दिशेनं जातात. कटरा ते श्रीनगर वंदे भारत जून २०२५ पासून सुरू आहे. जम्मू-श्रीनगर महामार्ग दरडी आणि बर्फामुळे हिवाळ्यात अधूनमधून बंद पडतो, त्यामुळे या गाडीचा मोठा आधार झाला आहे.

श्रीनगर ते गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. शेवटचे १३ किलोमीटर तंगमर्गपासून घाटाचे. जोराचा बर्फ पडला की चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्याच वर सोडतात. श्रीनगरहून ठरवलेली गाडी थेट हॉटेलपर्यंत जाणार की तंगमर्गला उतरवणार, हे भाडं ठरवतानाच विचारून घ्यावं.

शिकायचं कुठे?

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. गोंडोला या केबल कारचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत (सुमारे ३,१०० मीटर), तर दुसरा अफरवटच्या अंगाला साडेतीन हजार मीटरच्याही बराच वर नेतो.

नवशिक्याला गोंडोलाची गरज नाही. गावातल्या सौम्य उतारांवरच पहिले धडे होतात. स्की, बूट आणि काठ्या भाड्यानं मिळतात. बूट घालून दहा मिनिटं चालून बघावं, कारण घट्ट किंवा सैल बुटात दिवस वाया जातो. एका दिवसात तोल सांभाळणं आणि थांबणं एवढंच जमतं. खरी मजा घ्यायची तर तीन-चार दिवस हवेत. ज्यांना पद्धतशीर शिकायचं आहे त्यांनी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या गुलमर्ग इथल्या भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेच्या वर्गांची चौकशी आधीच करावी.

वरच्या टप्प्याचा धोका

अफरवटचे उतार जाणत्या स्कीपटूंसाठी आहेत. १ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथं हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू दगावले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी गुलमर्गमध्येच एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. ताजा बर्फ पडल्यावरचा दिवस फोटोत सुंदर दिसतो, पण हिमस्खलनाचा धोका तेव्हाच जास्त असतो. गस्ती पथकानं बंद केलेल्या बाजूला जाऊ नये आणि स्थानिक गाइडशिवाय आखलेला मार्ग सोडू नये.

समुद्रसपाटीवरून येणाऱ्या गोव्याच्या मंडळींनी पहिली रात्र श्रीनगरला काढावी. हृदयविकार, रक्तदाब किंवा दमा असणाऱ्यांनी दुसऱ्या टप्प्याआधी डॉक्टरांना विचारावं. वर जाऊन धाप, डोकेदुखी किंवा मळमळ जाणवली तर लगेच खाली उतरावं.

पैशाचा हिशेब

खर्चाचे तीन कप्पे करावेत: परत न मिळणारे पैसे, अटींवर परत मिळणारे पैसे आणि तिथं जाऊन द्यायचे पैसे. पहिला कप्पा जितका लहान, तितकी बर्फ न पडल्यास झळ कमी. हॉटेलची रद्द करण्याची अट लेखी घ्यावी. खोली गरम ठेवण्याची सोय काय, रात्रभर चालते का, त्याचे पैसे वेगळे का, हेही विचारावं. गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन काढावीत. वारा वाढला की गोंडोला बंद होते, तेव्हा परताव्याचा नियम वाचूनच तारीख निवडावी. स्लेज, स्नो बाइक, प्रशिक्षक यांचे दर बसण्याआधी ठरवावेत. प्रवास विम्यात स्कीइंगची दुखापत धरली आहे का, हे जरूर तपासावं. अनेक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात.

निघण्यापूर्वी

– बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. घरातला निदान एक नंबर पोस्टपेड हवा.
– सुती कपडे ओले झाले की अंग गारठतं. आत थर्मल, मध्ये लोकर, वर पाणी न शिरणारं जॅकेट असावं. जाड कोट आणि गमबूट तंगमर्गला भाड्यानं मिळतात, विकत घ्यायची घाई नको.
– गॉगल आणि सनस्क्रीन लागतंच. बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना आणि कातडीला भाजतं.
– रोजची औषधं दोन दिवस जास्तीची ठेवावीत.
– हवामान खात्याचा अंदाज आणि प्रशासनाच्या सुरक्षाविषयक सूचना निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा बघाव्यात.

बर्फ कमी असेल तर श्रीनगरचं दल सरोवर, जुनं शहर आणि मुघल बागा यासाठी दोन दिवस हाताशी ठेवावेत. असा पर्याय आधीच आखलेला असला की उतार कोरडे निघाले तरी सहल वाया जात नाही.