हिस्टोन : हमाल ठरवलेल्या प्रथिनाची गोष्ट
#थ्रेड

१८८४ साली आल्ब्रेख्ट कोसेल या जर्मन शास्त्रज्ञाने हंसाच्या रक्तपेशींच्या केंद्रकातून एक प्रथिन वेगळे केले आणि त्याला 'हिस्टोन' हे नाव दिले. (हंसच का? पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते, आपल्या पक्व पेशींत नसते.)

पुढे कित्येक दशके आनुवंशिकतेचा वाहक प्रथिनच असणार, अशी बहुतेकांची धारणा होती. प्रथिनांची मुळाक्षरे वीस, डीएनएची अवघी चार. मग अवघड मजकूर कोण लिहिणार? १९४४ मध्ये एव्हरी आणि सहकाऱ्यांनी, १९५२ मध्ये हर्शी व चेस यांनी ती धारणा मोडली. डीएनए सिंहासनावर बसला आणि हिस्टोनच्या वाट्याला हमाली आली. पेशीतला सुमारे दोन मीटर लांबीचा धागा गुंडाळून ठेवणे, एवढेच त्याचे काम! १९७४ मध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांनी आठ हिस्टोनांच्या रिळाची कल्पना मांडली, तेव्हा हा समज अधिकच घट्ट झाला असावा.

खरे तर दहा वर्षे आधीच, १९६४ मध्ये, न्यूयॉर्कच्या व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी सुचवले होते की हिस्टोनवर चढणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा जनुकांच्या वाचनावर ताबा ठेवत असाव्यात. पण ती खूण चढवणारे विकर जनुके चालू करणाऱ्या प्रथिनांपैकीच आहे, हे डेव्हिड ॲलिस यांच्या प्रयोगशाळेत दिसायला १९९६ उजाडले. बत्तीस वर्षे! विज्ञानातही प्रतिष्ठा पुराव्याच्या वाटेत उभी राहते, असे माझे मत.

मग चक्रे वेगाने फिरली. १९९८ मध्ये विल्यम बॉनर यांच्या गटाला आढळले की डीएनएचे दोन्ही पदर तुटताच काही मिनिटांत त्या जागेभोवतीच्या 'एच२एएक्स' या हिस्टोनवर फॉस्फेटची खूण उमटते. दुरुस्ती करणारी प्रथिने त्या खुणेपाशी गोळा होतात. २००३ मध्ये, पी५३ हे रक्षक प्रथिन आधीच गमावलेल्या उंदरांतून एच२एएक्सही काढून टाकले, तेव्हा गुणसूत्रे मोडून भलत्याच ठिकाणी जोडली गेली आणि कर्करोग अधिक लवकर झाला. हमाल रजेवर गेल्याने असे घडत नसते. पहारेकरी गेल्याने घडते.

२०१२ साली दोन स्वतंत्र गटांनी लहान मुलांच्या मेंदूतील अत्यंत घातक गाठी तपासल्या. मस्तिष्कस्तंभातील बहुसंख्य गाठींत बिघाड थेट हिस्टोनच्या जनुकातच निघाला: 'एच३' या हिस्टोनच्या शेपटीवर २७व्या स्थानी लायसिनऐवजी मिथिओनिन. एका अक्षराच्या चुकीने पेशीभर जनुके मिटवणाऱ्या खुणा पुसल्या जातात.

२०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या गाठींना वर्गीकरणात स्वतंत्र स्थान दिले. त्या गाठीच्या अधिकृत नावातच हिस्टोन आहे.